चहा न पिणारे सर

जुन्या इमारती अजून किती तग धरतील हे तपासणं माझं काम. ठाण्याच्या ऑफिसात ज्यांनी मला ते शिकवलं, त्या सरांचा एक नियम होता: रिपोर्ट देईपर्यंत त्या इमारतीत चहा प्यायचा नाही. ‘त्यांच्या घरचा चहा पोटात गेला की लिहिताना हात अडतो,’ म्हणायचे. आपल्याकडे चहाला नको म्हणणं म्हणजे माणसाचा अपमानच. त्यामुळे मी ठाण्यापासून कल्याणपर्यंत शिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे.

यंदा डोंबिवलीतल्या एका इमारतीत गेले, तर तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींनी आधीच आधण ठेवलेलं. मी नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ‘अगं, माझ्याकडे येतंय कोण? घोटभर घे की.’ मग हळूच म्हणाल्या, ‘दुरुस्तीवर भागेल असं लिही हं. या वयात मी कुठे जाऊ?’ त्यांच्या मोरीजवळच्या कॉलमला हात लावला तर प्लास्टर हातातच आलं. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या.

चहा प्यायले नाही, तरी हात अडलाच. सर आता निवृत्त होऊन कल्याणला असतात. त्यांना फोन केला. वाटलं, ते सांगतील तसं लिहावं आणि मोकळं व्हावं. पण हा माणूस कधी सरळ उत्तर देईल तर शपथ! ‘तुला काय दिसलं ते सांग,’ एवढंच. मी सांगत गेले. शेवटी म्हणाले, ‘मग हेच लिही. मी फोन ठेवत नाही.’ मी ‘धोकादायक, तातडीने रिकामी करावी’ असं लिहून सही करेपर्यंत ते खरंच लाइनवर होते.

इमारत रिकामी होत होती त्या दिवशी मी गेले. आजी भाच्याकडे निघाल्या होत्या. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मागून कोणीतरी बोललं, ‘आली बघा, आमची घरं घालवून.’ इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. रस्त्यातच उभी राहून सरांना फोन लावला, चिडूनच.

‘तुम्हाला कधी असं कोणी बोललंय का?’

‘माझा सख्खा भाऊ,’ सर म्हणाले. ‘त्याची इमारत मीच रिकामी करायला लावली. अजून लग्नकार्यात चारचौघांसमोर शिव्या घालतो.’

‘मग तुम्ही काय करता?’

‘ऐकून घेतो. शिव्या घालायला तो अजून आहे ना.’