एका दमाची विहीर

बाबांना गंगेत पोहायची परवानगी मी दिली, तीही लेखी, हे ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही. बजबजच्या एका तेल डेपोत मी सेफ्टी ऑफिसर आहे. शिडीवर चढायचं तर माझी सही लागते, वेल्डिंगची ठिणगी पाडायची तर माझी सही लागते, आणि गेटच्या आत कोणी काडेपेटी घेऊन आलं तर त्याच्याशी मी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे काम गेटवरच ठेवून घरी यावं, असं नवरा गेली वीस वर्षं सांगतोय. "आमच्याकडे पोळी लाटायलासुद्धा परमिट लागतं," हा त्याचा पाहुण्यांसमोरचा ठरलेला विनोद. मी हसत नाही. पेटत्या गॅसपाशी सिंथेटिक ओढणी घेऊन वावरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आई गेली त्यानंतर महिन्याभरात बाबांना मी कोलकात्याला आणलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, हृदयात एक स्टेंट, आणि आयुष्य सगळं कृष्णाकाठच्या गावात शाळामास्तरकीत गेलेलं. बाबा यायच्या आधी मी बेहालाच्या आमच्या फ्लॅटची पाहणी केली, अगदी डेपोची करते तशी. न्हाणीघरात दोन बाजूंना धरायचे दांडे, सगळीकडे न घसरणाऱ्या चटया, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, पलंगाशेजारी घंटा. बाबांनी सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "छान केलंयस. आता मी पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही." मला ते कौतुकच वाटलं.

ज्या माणसासाठी मी हे सगळं केलं तो तरुणपणी पुराच्या पाण्यात पुलावरून उडी घ्यायचा. आमच्याकडे कृष्णेला पूर आला की गावातली निम्मी पोरं पुलाच्या कठड्यावर उभी असायची आणि त्यांचे मास्तर त्यांना ओरडायला जायचे, ते स्वतःच उडी मारून परत यायचे. आई रस्त्याच्या कडेला टॉवेल घेऊन उभी राहायची. तोंडाने बडबड चालू, पण टॉवेल आणायला कधी विसरली नाही. माझं सेफ्टीचं वेड कुठून आलं याचा शोध घ्यायला फार लांब जायला नको.

एका रविवारी हावड्याला कोणाला तरी गाडीत बसवून आम्ही लाँचने परत येत होतो. काठावर म्हातारे बाप्ये छातीभर पाण्यात उभे होते, दोघं-तिघं तर सरळ पोहत होते. बाबा कठड्याला धरून बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदा उतरू दे की गं मला इथे."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, कारणं सांगितली. पाणी घाण आहे, प्रवाह आहे, लाँच आहेत, स्टेंट आहे, वय आहे. धक्का येईपर्यंत माझी कारणं संपली नव्हती. बाबांनी मान डोलावली आणि विषय संपवला.

पण तेव्हापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. चिडले असते तर मी भांडले असते, भांडायला मला आवडतंच. ते मऊ झाले. ताटात वाढू ते खायचे, सांगू तेव्हा झोपायचे, लिफ्टपर्यंत जायचं तरी माझा हात धरायचे. एका सकाळी मी डबा भरत होते आणि ते बाल्कनीच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "कुंड्यांना पाणी घालू का? बाल्कनीत गेलं तर चालेल ना?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर फार बरं झालं असतं. ते खरोखर विचारत होते. मी डब्याचं झाकण लावलं, लोकल चुकवली आणि खोलीत जाऊन पोटभर रडले. आईला मी गमावलं होतं ते दुखण्याने. बाबांना मात्र मी स्वतःच्या हाताने संपवत होते, तेही चटया अंथरून.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, "एकदा उतरू या. पण माझ्या पद्धतीने."

माझी पद्धत म्हणजे कागद. चार पानांचं रिस्क असेसमेंट केलं. हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र घेतलं, टायफॉइडची लस टोचून घेतली. दीड महिना रोज सकाळी कॉलनीच्या तलावात सराव करवला, तोही मी काठावर शिट्टी गळ्यात घालून. भगव्या रंगाचा फुगा आणला, तो दोरीने कमरेला बांधायचा, म्हणजे लांबून दिसतो आणि दमलं तर धरून तरंगता येतं. उत्तर कोलकात्यातले दोन घाट निवडले, मध्ये लाँचचा धक्का नसलेले. त्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. वाचून कोणी उतरलं तर तो धोका माझ्या माथी नको.

बेत असा होता: वरच्या घाटावर नवरा बाबांना पाण्यात उतरवणार. ओहोटीचं पाणी समुद्राकडे चाललेलं असेल, त्याच्या बरोबरीने बाबा काठाकाठाने अर्धा किलोमीटर खाली येणार. खालच्या घाटावर मी, औषधं, टॉवेल, आणि भाड्याने घेतलेली एक नाव, नावाड्यासकट. बाबांचा नावेला विरोध होता. "शेजारून नाव चालवायची असेल तर मी नावेतच बसतो," म्हणाले. म्हणून ती माझ्यापाशी उभी ठेवायची असं ठरलं.

ओहोटीची वेळ मला कोणाला विचारायची गरजच नव्हती. आमच्या डेपोत तेलाची जहाजं भरती बघून धक्क्याला लागतात, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या टेबलासमोर टाचलेलं असतं. उधाणाचे दिवस टाळून अष्टमीच्या जवळचा मार्चमधला रविवार निवडला, म्हणजे पाण्याला जोर कमी. त्या दिवशी भरती सकाळी सव्वासहाला संपत होती. सेफ्टीसाठी त्यात आणखी वीस मिनिटं धरली. बाबांनी वेळापत्रकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नदी खाली वाहते एवढं त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

सहा पस्तीसला नवऱ्याचा फोन आला, "उतरले." आवाजात हसू होतं. मी काठाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले, डोळ्यांवर हात धरून. पाच मिनिटं झाली. दहा झाली. समोरून एक जलपर्णीचा पुंजका गेला, पाठोपाठ झेंडूची माळ गेली. मी बघत होते भगवा फुगा, त्यामुळे त्या माळेकडे माझं लक्ष गेलं नाही. ती उजवीकडे चालली होती. उजवीकडे म्हणजे वर, बाबांच्या दिशेला.

तेवढ्यात पुन्हा फोन. "अगं, बाबा उलटे निघालेत!"

"उलटे म्हणजे?"

"म्हणजे बागबाजारकडे! दिसतसुद्धा नाहीत आता!"

मी वळून नावाड्याकडे पाहिलं. तो पन्नाशीचा माणूस नावेच्या टोकाला बसून शांतपणे बिडी ओढत होता. माझं मोडकंतोडकं बांगला कसंबसं जमवून मी विचारलं, पाणी वर का चाललंय? तो म्हणाला, "एखोन तो जोआर, दीदी." आत्ता तर भरती आहे.

"आगे बोललेन ना केनो?" मी जवळजवळ किंचाळले. आधी का नाही सांगितलंत?

त्याने बिडी विझवली. "आपनि तो जिग्येश कोरेन नि." तुम्ही विचारलंच नाहीत.

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. वेळापत्रक बजबजचं होतं. समुद्राकडून आलेलं पाणी आधी बजबजला येतं, मग पाऊण-एक तासाने इथे. आमच्या डेपोत ओहोटी लागली होती आणि इथे, शहराच्या उत्तरेला, नदी अजून डोंगराकडे चालली होती. चार पानांचा कागद केला, त्यात घाटावरच्या माणसाला विचारायला रकानाच नव्हता. आणि आम्ही बापलेक पडलो देशावरचे. नदी दिवसातून दोनदा मागे फिरते हे आम्हाला माहीत होतं, पण अंगात मुरलेलं नव्हतं.

नावेत मी कशी बसले ते आठवत नाही. लाइफ जॅकेट घालायचं राहिलं, हे नंतर लक्षात आलं. नावाडी भरतीच्या पाण्यावर भराभर वल्हवत होता. वरच्या घाटावर नवरा बाबांच्या चपला हातात घेऊन उभा दिसला. तो हाताने नदीच्या वरच्या अंगाला दाखवत होता. मी आईचा विचार करत होते. ती एवढी वर्षं टॉवेल घेऊन उभी राहिली आणि मी पहिल्याच दिवशी बाबांना घालवलं.

मग फुगा दिसला. काठापासून जरा आत, भगवा, स्वच्छ दिसत होता. त्यासाठीच तर आणला होता. पण तो वाहत नव्हता. एकाच जागी डुचमळत होता, आणि त्याच्याजवळ डोकं नव्हतं.

नाव जवळ गेली. नावाड्याने हात घालून फुगा ओढला तर दोरी खाली ताठ. त्याने जोर लावला आणि वर आला विसर्जनातल्या मूर्तीचा बांबूचा सांगाडा, पेंढा लोंबत असलेला. दोरी त्यात अडकली होती. दुसरं टोक मोकळं होतं. मी ते हातात घेऊन बघत बसले. नावाड्याने माझ्या खांद्याला हलकेच हात लावला आणि वल्ह्याने वर दाखवलं. "ओइ तो, दीदी." ते काय तिथे.

पुढच्या घाटाच्या पायरीवर तीन म्हातारे ओळीने बसले होते, मातीच्या भांड्यातून चहा पीत. दोघांच्या अंगाला तेल चोपडलेलं. तिसरे बाबा.

मी पायऱ्या चढून गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. मोठ्याने, मराठीत, सगळ्या घाटासमोर. ते दोन बंगाली म्हातारे कौतुकाने ऐकत होते. बाबांनी मला पुरतं बोलू दिलं. ओठ निळसर झाले होते, पण चेहरा असा उजळला होता की मला आई असतानाचे ते आठवले. मग म्हणाले, "नदी उलटी चाललीये हे कळल्यावर मी तिरका हात मारत काठाला आलो. तुझं ते भगवं बांबूत गुंतलं आणि मला खाली ओढायला लागलं, म्हणून सोडलं. गाठ मात्र छान मारली होतीस. सुटता सुटेना."

"म्हणजे पुन्हा डबाच सोडलात," मी म्हटलं.

डब्याची गोष्ट आमच्या घरात पस्तीस वर्षं जुनी आहे. गावाकडे पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी एक दिवस गाठ मुद्दाम सैल बांधली. मी विहीर अर्धी पार केली आणि मागे बघते तर डबा एका कोपऱ्यात तरंगतोय, पायरीवर बाबा नाहीत. मला एकटीला टाकून गेले असं वाटून मी जिवाच्या आकांताने हातपाय मारले आणि पलीकडची पायरी गाठली. मग ते पाण्यातून वर आले, हसत. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मनातून तर अजूनही पुरती बोलले नव्हते.

"तेव्हा विहिरीत मला एकटीला टाकून निघून गेलात," मी म्हटलं. राग उतरत आला होता, तरी शेवटचं एक काढायचंच होतं. "उडी कधी मारलीत तेही कळलं नाही."

बाबांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. "उडी कसली मारतोय? मी आधीपासून पाण्यातच होतो. तुझ्या खाली. या काठापासून त्या काठापर्यंत, तुझ्या पोटाखाली हात धरून, पण न लावता, श्वास रोखून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू पोहली असतीस का?" ते म्हणाले. "आपल्या गावात विहिरी चिक्कार होत्या. तीच का निवडली? माझ्या एका दमात पार व्हायची म्हणून. आठ दिवस आधी जाऊन मोजून आलो होतो."

मी त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसले. नवरा चपला घेऊन धापा टाकत आला, त्यालाही चहा मिळाला. नावाडीही येऊन टेकला. त्याला मी भरतीबद्दल सगळं विचारून घेतलं, अगदी वहीत लिहून. तो हसत होता, पण सांगत होता.

त्या रात्री चार पानं पुन्हा काढली. बजबजचं वेळापत्रक खोडून घाटावरची वेळ लिहिली, त्यापुढे "नावाड्याला विचारणे". फुग्याला एका झटक्यात सुटणारी गाठ. पुढच्या महिन्याच्या अष्टमीला बाबा पुन्हा उतरणार हे न बोलताच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर ते न विचारता बाल्कनीत गेले आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पाणी सांडून आले.

शेवटच्या पानावर एक रकाना असतो, काम चालू असताना देखरेख कोणाची आणि कुठून. तिथे आधी मी स्वतःचं पद लिहिलं होतं आणि पुढे "काठावरून". त्यावर रेघ मारली. मग कॉलनीच्या तलावाच्या वेळा पाहून घेतल्या, कारण मला पोहून बरीच वर्षं झाली आहेत आणि दम पूर्वीसारखा राहिलेला नाही. महिन्याभरात वाढवायला हवा. रकान्यात आता लिहिलंय, "पाण्यातून".