शेवटून येणारं ‘पोचलं!’

डोंगरातल्या सुट्या घसाऱ्यावरून उतरताना बुटात खडे किती साठलेत, ते घरी आल्यावर कळतं. आमच्या रविवारच्या डोंगरमंडळींच्या किश्शांचं तसंच आहे. दादा होते तोवर हसून सोडून दिले. आता एकेक टोचतोय.

दादा म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले म्हात्रेदादा. ओळीत कायम शेवटी. आमचा नियम असा, की पुढच्याने वाट कशी आहे ते ओरडून सांगायचं, प्रत्येकाने वळून आपल्या मागच्याला सांगायचं, आणि शेवटून दादांचं “पोचलं!” आल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही.

*

उन्हाळा लागला की चंदेरी किल्ल्याची वाट म्हणजे सुटा मुरूम आणि वर वाळकं गवत. एकदा उतरताना मी पुढून ओरडलो, “घसारा!” निरोप मागे गेला. उत्तराऐवजी धूळ आली. त्या धुळीत दादा, बसल्या बसल्या घसरत, सगळ्यांना ओलांडून थेट माझ्या पायाशी!

पँट झटकत म्हणाले, “पोचलं!”

*

लच्छूचं उल्हासनगरात बुटांचं दुकान. चालताना दादांच्या बरोब्बर पुढे, ही त्याची ठरलेली जागा. एकदा तापलेल्या कातळावर त्याच्याच दुकानातल्या नव्या बुटाचा सोल निघाला. दादांनी आपला टॉवेल फाडून बांधून दिला.

“लच्छू, गॅरंटी आहे ना रे?”

“दादा, गॅरंटी रोड की है, पहाड की नाय!”

*

दादांचं घरीही तेच. वहिनी आंघोळीला जाताना म्हणाल्या, “दूध ठेवलंय, बघा हं!”

“पोचलं!”

दूध सगळं ओट्यावर. वहिनी भडकल्या, तर म्हणतात कसे, “निरोप पोचला म्हटलं मी. उठतो असं कुठे म्हटलं?”

*

गेल्या हिवाळ्यात दादा हॉस्पिटलमध्ये होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. रविवारी लच्छू डोंगरावरून थेट तिथे गेला. दादांनी डोळे न उघडताच विचारलं, “वाट कशी आहे?”

“एकदम मस्त, दादा. घसारा कुठेच नाय.”

“पोचलं,” दादा म्हणाले.

लच्छू लिफ्टपाशी येऊन ढसाढसा रडला. दादा गेल्यावर त्याने सांगूनच टाकलं, “आता मेरे से नाय होणार. माझ्या पीछे कोण आहे?” तो नाही म्हटल्यावर कुणाचंच मन होईना. ग्रुप मोडल्यातच जमा होता आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

*

शेवटी या उन्हाळ्यात वहिनीच म्हणाल्या, “मला एकदा त्यांची वाट दाखवा.” त्या कधीच डोंगरावर आल्या नव्हत्या. त्यांना नाही कसं म्हणणार? लच्छूही आला. वहिनींना त्याच्या पुढे ठेवलं. त्याच्या मागे आता कुणी नव्हतं.

घसारा लागला तसा मी ओरडलो, “सुटे दगड!” निरोप एकेकाकडून मागे गेला. वहिनींनी वळून लच्छूला सांगितला. आणि लच्छूने सवयीने मागे वळून रिकाम्या वाटेवर हाक मारली, “दादा, सुटे दगड!”

आम्ही सगळे उन्हात थांबून राहिलो. पाऊल उचलायचं कुणाला सुचेना. लच्छू अजून मागेच बघत होता.

वहिनींनी पदर खोचला, काठी टेकली.

“चला,” त्या म्हणाल्या, “पोचलं असेल त्यांना.”