क्विटोत अक्का खोलीवरच राहिली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगून काय होणार? — काही नाही. पण बाळगून बाळगून दमलोय.

रिटायर झाल्यावर चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर मी ग्रुप टूर घेतली — थेट दक्षिण अमेरिका, इक्वेडोरची राजधानी क्विटो. ऐन वेळी बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून तिच्या जागी गंगापूरची थोरली बहीण आली. अक्का. मी शहरात शिकायला असताना रोज एसटीने माझा डबा पाठवणारी हीच.

क्विटोत एका टेकडीवर पंखांची भलीमोठी मेरीमाता उभी आहे. सगळे फोटो काढत होते, आणि अक्काने पिशवीतून खण काढला, मूठभर तांदूळ काढले, चौथऱ्याशी बसून तिची ओटी भरली. नऊवारी, डोक्यावर पदर. आमच्यातलेच लोक हसले, व्हिडिओ काढू लागले. मला — कसं सांगू — मला तिची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रोपवेने उंच डोंगरावर जायचं होतं, आणि तिच्या पिशवीत अजून दोन खण होते.

सकाळी चहा घेताना मी तिला सांगितलं, की निघण्याआधीच्या तपासणीत तुझं हृदय कमजोर निघालंय, तू घाबरशील म्हणून बोललो नव्हतो, आज वर येऊ नकोस. रिपोर्ट साफ होता. इंग्रजीत होता, आणि माझ्याकडे होता. त्या शहरात हवाच विरळ, धाप सगळ्यांनाच लागत होती — तिने छातीवर हात ठेवला आणि तिला ते पटलं.

"बरं झालं सांगितलंस, बाबा," ती म्हणाली. "लई धाप लागायली मला. तू जा."

मी गेलो. दिवस छान गेला, हेही सांगून टाकतो.

वाटलं होतं, परतल्यावर विसरेल. विसरली नाही. तिने शेतात जाणं सोडलं. जन्मभर कापसात राबलेली, घरात पाय न ठरणारी बाई दिवस दिवस ओट्यावर बसून राहू लागली. सून म्हणायची डॉक्टरला दाखवू, तर अक्का म्हणायची, भावानं दाखवलंय. तेव्हा तरी मला बोलता आलं नसतं का? — उलट मी ताकदीच्या साध्या गोळ्या हृदयाच्या म्हणून नेऊन दिल्या. नऊ वर्षं तिने त्या नेमाने घेतल्या.

मागच्या वर्षी ती तापाने गेली. शेवटच्या दिवसांत माझा हात धरून घरच्यांना सांगायची, "ह्यानं सांभाळलं म्हणून मी एवढी जगले."

दर वेळी मी मान डोलावली.