तळपायानं ऐकलेलं संगीत

दोन हजार चोवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं आणि माझे कान एकदम ठणठणीत होते. घरात हे कुणाला पटत नाही, पण लिहितोय मी.

लिंबायतच्या गल्लीत मागून टेम्पोनं हॉर्न मारला आणि मी बाजूला झालो नाही, एवढ्यावरून नात मागे लागली, की आबा, कानाला मशीन लावा. मी म्हटलं, "ऐकला होता हॉर्न. वाट द्यायची नव्हती."

तेव्हा तिनं डाव टाकला. "वेसूला उजेडाचं आणि आवाजाचं प्रदर्शन लागलंय. तिथलं संगीत ऐकू आलं, तर मशीनचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर उद्या सकाळी डॉक्टरकडे."

"चल," म्हटलं. शब्द दिला. माझी म्हातारीही निघाली, नवी साडी नेसून, माझी फजिती बघायला.

मोठा अंधारा हॉल. चपला बाहेर. आत भिंतींवर, छतावर, पायाखाली, सगळीकडे रंग वाहत होते. नातीनं कानाशी येऊन ओरडून सांगितलं, की ही चित्रं कुणी काढलेली नाहीत, कॉम्प्युटर आपल्या मनानं बनवतो, एकदा झालेलं परत होत नाही. सगळा हॉल आमच्याकडे वळून बघायला लागला.

"मग गिऱ्हाइकानं तोच माल परत मागितला तर?" मी विचारलं.

मग डोळे मिटून उभा राहिलो. कापडाच्या लूमवर जन्म काढलेला माणूस नुसत्या कानानं ऐकत नाही. कारखान्यात मागांचा एवढा खडखडाट, की शेजारचा बोंबलला तरी कळायचं नाही. मशीन नीट चाललंय का, ते आम्ही तळपायाला विचारायचो. इथंही पायाला लगेच लागलं. गुर्रर, गुर्रर. सुरेख ठेका. मी मान डोलवली, मग कंबर. "वा! काय वाजवतोय!" म्हणत टाळीनं ताल धरला.

शेजारच्या चष्मेवाल्या शेठनं माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि तोही डोलायला लागला. मग त्याची बायको. बघता बघता अर्धा हॉल डोलत होता. मी नातीकडे बघितलं, बोल आता.

ती पोट धरून हसत होती. तेवढ्यात तिथला माणूस हात जोडत आला आणि माझ्या तोंडासमोर गुजरातीत ओरडला, "काका, साउंड तो बंध छे! पाछळ जनरेटर चाले छे!"

शेठ थांबला. त्याची बायको थांबायला तयार नव्हती.

"जनरेटर तर जनरेटर. ऐकू आला ना?"

"आबा, शब्द संगीताचा होता."

मग त्यांनी आवाज सुरू केला. लोकांचे चेहरे बदलले. मी पाय घट्ट रोवले, शेवटी खाली बसून तळहातही टेकवले. लागत होता तो जनरेटरच. म्हातारी वाकून कानात म्हणाली, "चिड्या बोली ऱ्हायन्यात. तुमले ऐकू येस का?"

"कुठल्या चिमण्या?"

तेवढ्याला मात्र म्हातारी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्याशी ओरडून बोलायला लागल्या. मी म्हटलं, "हळू बोला बाई, मी बहिरा नाही. शब्द दिला म्हणून आलोय. आणि मशीन दोन्ही कानांचं दाखवा."