माझ्या वडिलांचा दत्तक मुलगा

आई एका संस्थानिकाची नाटकशाळा होती, ठेवलेली बाई, लग्नाची नव्हे. राणीसाहेबांना मूल नव्हतं, म्हणून माझ्या जन्माचा बोभाटा होऊ नये यासाठी आम्हां दोघींना ठाण्यात तलावाजवळच्या एका घरात आणून ठेवलं. वडिलांना मी पाहिलं नव्हतं. पण त्यांना माझ्याशिवाय मूल नाही, हे आईकडून कळलं होतं आणि त्याचा मला फार ताठा होता.

मग त्यांनी भाऊबंदांतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. बातमी ऐकून आई तांदूळ निवडत राहिली. मला मात्र जेवण जाईना.

पुढल्या हिवाळ्यात वडील हवापालटासाठी खाडीकाठच्या बंगल्यात उतरले आणि आम्हाला बोलावणं आलं. वाटेत आई म्हणाली, "सरकार म्हणायचं. दुसरं काही तोंडातून काढू नकोस."

ते ओसरीवर आरामखुर्चीत होते. दत्तक मुलगा त्यांच्या गुडघ्याला टेकून संत्रं खात होता, माझ्याच वयाचा. बिया तो त्यांच्या तळहातावर ठेवी आणि ते मुकाट्यानं हात पुढे धरून बसले होते.

"काय शिकतेस?" त्यांनी मला विचारलं.

"लिहायला-वाचायला येतं, सरकार."

"आबासाहेब," तो मध्येच म्हणाला, "हिचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे."

शेजारी उभे असलेले कारभारी खाडीकडे पाहू लागले. वडिलांनी बिया खाली टाकल्या आणि आम्हाला निरोपाचे विडे द्यायला सांगितलं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

"पोर आहे ते, बोलून गेलं," आई म्हणायची. मला ते पटत नसे. नाक माझं होतं, पण आबासाहेब म्हणायचा हक्क त्याचा होता. रात्रंदिवस मी त्याच्यावर जळायची.

पुढे कल्याणच्या मालधक्क्यावरच्या एका कारकुनाशी माझं लग्न झालं. मुलीचे वडील कधीच वारले, असं आईनं त्यांना सांगितलं होतं. एका सकाळी माझे यजमान वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. त्यात वडिलांच्या निधनाची बातमी होती. चिरंजीवांनी अग्नी दिला, असं लिहिलं होतं.

मी उठून डोक्यावरून पाणी घेतलं.

"पुन्हा आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"उकडतंय फार."

दिवसभर मला तोच दिसत राहिला, मुंडण केलेला, चारचौघांत बसलेला. लोक त्याचं सांत्वन करत असतील. तो रडला असेल की नाही, कुणास ठाऊक, पण त्याला उघड रडता येत होतं. मी संध्याकाळचा स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं.