दुपारची विहीर

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत बायडाबाईंना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नसे. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या कृष्णातमामांची बायको, एवढीच त्यांची ओळख. बोलणं कमी, आवाज मोठा. सकाळी धुण्याचं बोचकं घेऊन पंचगंगेच्या घाटावर जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हा त्यांचा नेम.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी शेवंता, गल्लीतल्याच खैरुनबीची मुलगी बेगम आणि मी अशा तिघी घरीच अडकलो. शेवंता दर सुट्टीत राधानगरीकडं मामाच्या गावी जायची, पण त्या साली मामाच्या घरात गोवर निघाला होता. माझे वडील मास्तर, त्यांच्यापुढं तपासायच्या पेपरांचा ढीग. बेगमचं आजोळ गल्लीच्याच दुसऱ्या टोकाला. पापड झाले, सांडगे झाले, सागरगोटे खेळून हात दुखले, तरी एप्रिल सरेना. गल्लीतली पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून विहिरींवर जायची आणि डोळे लाल करून परत यायची. आम्ही ओट्यावर बसून त्यांना बघायचो.

एके सकाळी आम्हीही धुण्याला गेलो होतो. शेवंताच्या हातून कृष्णातमामांचं धोतर सुटलं आणि बघता बघता खोल पाण्याकडं निघालं. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि थबकली. आम्ही दोघी पायरीवरून नुसत्या ओरडत होतो. बायडाबाईंनी हातातलं लुगडं खाली ठेवलं, काष्टा आवळला आणि पाण्यात उतरल्या. पुढच्या क्षणी त्या पोहत होत्या. डोकं वर, हात लांब, घाई नाही. धोतर खांद्यावर टाकून त्या परत आल्या तेव्हा घाटावरच्या बायकांचं आपटणं थांबलं होतं.

वाटेत त्यांनी सांगितलं ते एवढंच, की माहेरचं रान भोगावतीच्या पलीकडं होतं आणि त्या पोहूनच रानात जायच्या. लग्न झाल्यापासून पाण्यात उतरल्या नव्हत्या. घराशी आल्यावर मात्र आम्हा तिघींकडं नीट बघून म्हणाल्या, "एक जण बी पुढं झाली न्हाई तुमच्यातली. नदीकाठाला ऱ्हाता आणि पाण्याला भिता. ह्या सुट्टीत पवाय शिकायचं."

घाटावरची गोष्ट अडतीवर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी जेवताना काय झालं ते शेवंतानं मला सांगितलं. कृष्णातमामा म्हणाले, तुला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. पोरी विहिरीवर गेल्या तर चार लोक नावं ठेवतील, असं मामांनी म्हणताच बायडाबाईंनी भाकरी थापायची थांबवली.

"पोरगी बुडाय लागली तर ती चार लोकं येत्यात काय काढाय?"

मामांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मात्र आठ दिवस ते बायकोशी कामापुरतंच बोलले.

विहीर हंबीररावांची होती, गल्लीमागच्या मळ्यात. चांगली पायऱ्यांची. बायडाबाई पदर सावरून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. हंबीररावांनी साफ नकार दिला. उद्या एखादी पोरगी बुडाली तर खापर माझ्यावर फुटायचं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या, तिसऱ्या दिवशीही गेल्या. शेवटी हंबीरराव वैतागून म्हणाले, दुपारी मोटेचे बैल सोडले की तेवढा वेळ विहीर तुमची, बैल जुंपले की एकही पोरगी दिसता कामा नये.

अशी आमची शाळा सुरू झाली. परकराचा काचा मारायचा, कमरेला भोपळा बांधायचा आणि बायडाबाईंच्या हातावर हनुवटी ठेवून पाय मारायचे. बेगमनं पहिल्याच आठवड्यात पाणी जिंकलं. शेवंता आईवर चिडत चिडत शिकली. मी पायरीला धरून बसायचे. पायाखाली तळ नाही या विचारानंच माझी पकड सुटत नसे. बायडाबाई रागावल्या नाहीत, पण मला घरीही जाऊ दिलं नाही. नुसतं पाण्यात बसायचं असलं तरी बस, पण रोज यायचं, असं त्यांनी बजावलं.

मग एका दुपारी गल्लीतली पोरं बांधावर येऊन शिट्ट्या मारू लागली. खैरुनबीच्या कानावर गेलं आणि तिनं बेगमला घरात बसवलं. बायडाबाई ओल्या लुगड्यानंच तिच्या दारात गेल्या. पोरीला कोंडू नको, तूच राखणीला ये, असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खैरुनबी शिवायची वाकळ काखेत घेऊन मळ्याच्या वाटेवर येऊन बसली. पोरं आली तेव्हा तिनं मान वर करून एकेकाच्या आईचं नाव घेतलं आणि संध्याकाळी भेटायला येते म्हणून सांगितलं. पोरं परत फिरकली नाहीत.

मे सरत आला तरी माझा भोपळा सुटला नव्हता. एके दिवशी बायडाबाईंनी विचारलं, "सोडू का?" मी नको म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पलीकडच्या कडेला जाऊन थांबल्या. बोलावलं नाही, हातही पुढं केला नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग माझी मीच गाठ सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, मध्येच दम तुटला, मी कुत्र्यासारखे हातपाय मारले, आणि त्यांच्या खांद्याला माझा हात लागला. "जमलं की," त्या म्हणाल्या. "आता माघारी जा."

मी माघारी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या आणखी मुली आल्या, त्याच्या पुढच्या साली दुसऱ्या पेठेतल्याही. पेठवडगावचा एक व्यापारी अडतीवर आला असताना नदीत वाहून गेलेल्या भाचीची हकीकत सांगत होता. कृष्णातमामा ऐकत होते. वही मिटून ते म्हणाले, "पावणं, तुमच्या पोरीला सुट्टीत आमच्यात धाडा. घरात शिकवाय माणूस हाय." ती पोरगी खरोखरच आली आणि महिनाभर त्यांच्याकडं राहिली.

शेवंता लग्न होऊन वारणाकाठी गेली. बेगम गल्लीतच राहिली आणि बायडाबाईंच्या बरोबरीनं शिकवू लागली. अठ्ठावन्न साली हंबीररावांनी विहिरीवर इंजिन बसवलं. बैल गेले, दुपारचा विसावा गेला आणि उन्हाळ्यात पाणी पायऱ्या सोडून तळाशी जाऊ लागलं. त्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी आले होते. आता वर्ग बंद होणार, म्हणून मी हळहळ व्यक्त केली. बायडाबाई तेव्हा पायात वहाणा घालत होत्या. कसबा बावड्याकडं एकाची विहीर आहे आणि त्यानं काल नाही म्हणून सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. मग दार ओढून घेऊन त्या आणि बेगम बावड्याच्या रस्त्याला लागल्या.