मशीनमावशींना न चालणारं पेनिसिलीन

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळा बाजार मशीनमावशी म्हणायचा. घरात नवऱ्याने त्यांचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं. मशीन टाका का सोडतं, शेजारच्या नळाचा आवाज दुपारीच का येतो, याचा छडा लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एका बाबतीत मात्र त्यांनी कधी ‘का’ विचारलं नव्हतं. “मला पेनिसिलीन चालत नाही,” असं त्या लहानपणापासून सांगत आल्या होत्या, कारण आई तसं सांगायची.

गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं.

“काय झालं होतं तेव्हा? श्वास कोंडला, ओठ सुजले, की नुसतं पुरळ?”

मावशींनी आठवून पाहिलं. खरंच, काय झालं होतं?

“दुसरं औषध द्या की,” नवरा म्हणाला. “कशाला विषाची परीक्षा?”

“देता येईल काका. पण जखमेत जंतू होऊ नयेत म्हणून चिरा द्यायच्या आधी आम्ही जे इंजेक्शन देतो, ते पेनिसिलीनच्या नात्यातलं आहे. या कामात तेच जास्त लागू पडतं. ॲलर्जी खरी आणि जोराची असेल, तर जपून राहू. पण नसेलच, तर चांगलं औषध बाजूला का ठेवायचं?”

मावशींनी तिथूनच मोठ्या भावाला फोन लावला.

“पुरळ आलं होतं गं अंगभर,” दादा म्हणाला. “ताप होता. मलाही आलं होतं की, तुझ्या मागोमाग.”

“तुलाही पेनिसिलीन दिलं होतं?”

“छे! तुझी ती अवस्था बघून आईने मला गोळीला हातसुद्धा लावू दिला नाही.”

मावशी खुर्चीतच सावरून बसल्या. औषध न घेताच दादाला पुरळ कसं आलं?

“म्हणजे ते पुरळ तापाचंच असेल?” त्यांनी विचारलं.

“असू शकेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण नुसत्या आठवणीच्या भरवशावर इंजेक्शन देता येत नाही. तपासून बघू.”

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मावशींच्या हातावर थेंब ठेवून सुईने हलकेच टोचलं. थोड्या वेळाने एका जागी डासाने चावल्यासारखी गांध उठली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. “बघ, मी म्हणत नव्हतो?”

“ती उठायलाच हवी काका,” ॲलर्जीचे डॉक्टर म्हणाले. “ तो थेंब मुद्दाम गांध आणणारा आहे. तीच उठली नसती, तर बाकीच्या थेंबांवर विश्वास कसा ठेवला असता?”

मावशींना हे फारच आवडलं. पेनिसिलीनचा थेंब कुठला, हे त्यांनी विचारून घेतलं. तिथली कातडी अगदी साफ होती. मग त्याच जातीचं औषध पोटात दिलं, आधी चिमूटभर, मग पूर्ण. शेजारी तातडीची औषधं मांडून नर्स बसून राहिली. मावशी दर थोड्या वेळाने जीभ बाहेर काढून आरशात बघत होत्या. काहीही झालं नाही.

“ॲलर्जी नाही,” डॉक्टर म्हणाले.

नवरा खूश झाला. मावशी मात्र हातरुमालाशी चाळा करत राहिल्या.

“काय गं?”

“आई असती तर आधी तिला सांगितलं असतं. डॉक्टर दिसला की मला चुकून पेनिसिलीन देईल म्हणून बिचारीचा जीव टांगणीला लागायचा.”

ऑपरेशनच्या दिवशी चिरा द्यायच्या आधी ते नात्यातलं इंजेक्शन शिरेतून गेलं. गुडघा ठीक बसला आणि जखम कोरडी राहिली. टाके काढायच्या वेळी मावशी उशीवरून मान उंचावून विचारायला लागल्या, “हा दोरा कसला हो? पाण्याने फुगत नाही वाटतं?”

नर्सने एक टाका चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि दोघीही तो निरखून पाहू लागल्या.